तीनशे पावलं

रोज सकाळी आंघोळ झाली की हैबतराव पंचा घट्ट पिळायचे, खाटेवर पसरायचे आणि त्याचं बदक करायचे. दोन्ही कडांनी आत गुंडाळायचं, मधे दुमडायचं, टोकाला बाक देऊन मान उभी करायची. पंचा पातळ. जहाजावरच्या जाड टॉवेलासारखी त्याची मान ताठ राहायची नाही, एका अंगाला कलायची. तिला ते दोन बोटांनी थोडा वेळ धरून ठेवायचे आणि मग चहाला जायचे. ते गेले की त्यांची बायको सरू आत यायची, बदकाची मान धरून पंचा झटकायची आणि अंगणातल्या दोरीवर टाकायची. खाटेवर ओलीचा डाग उरायचा.

"रोज सकाळी एक बदक मारते मी," ती शेजारच्या रंभाकाकीला सांगायची. "पाप लागंल मला."

"मंग त्यांना सांग ना गो, करू नका म्हणून."

"त्यांना कुठं ठावं हाय ते करतात म्हणून."

ते खरंच होतं. त्यांची मुलगी प्रणिता हिनं एकदा विचारलं होतं, बाबा, रोज बदक कशाला करता? तर त्यांनी वळून खाटेकडे पाहिलं आणि म्हणाले, "केलं काय?"

रोह्याजवळच्या अष्टमीहून चार किलोमीटर आत, कुंडलिका नदीच्या काठाला त्यांचं गाव. पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, एवढंच पिकतं. ज्यांना शेती पुरत नाही ते धाटावला कंपनीत शिफ्ट करतात. हैबतराव या दोन्हींतून सुटले. तरुणपणी ते रोह्याच्या एका लॉजवर चादरी बदलायचे. तिथं उतरलेल्या एका माणसानं त्यांचं काम पाहिलं, मुंबईला नेलं, आणि एकतिसाव्या वर्षी ते प्रवासी जहाजावर चढले. काम तेच राहिलं, चादरी बदलायचं. फक्त खोल्यांच्या खाली आता समुद्र होता. आठ महिने जहाज, अडीच-तीन महिने घर, अशी तेवीस वर्षं गेली. मग गुडघ्यांमुळे वैद्यकीय तपासणीत नापास झाले आणि कायमचे परत आले.

जहाज भूमध्य समुद्रात फिरायचं. रोज एका जुन्या शहराला लागायचं, संध्याकाळी सुटायचं. तटबंदीची शहरं, समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे धक्के. सुट्टीवर आले की हैबतराव ओटीवर बसून ती शहरं सांगायचे आणि निम्मं गाव ऐकायचं. सगळ्यात जास्त वेळा दुब्रोवनिक.

"शिडीवरनं उतरलं की तीनशे पावलं," ते सुरू करायचे. "मोजून तीनशे. म्होरं दगडी दरवाजा. आत शिरलं की उजव्या हाताला कारंजं, सोळा तोंडांचं. तिथनं सरळ रस्ता. दगड असा गुळगुळीत, की वाकून बघशील तर मिशी दिसंल."

"मला रोह्याच्या तलाठ्याकडं जायचा रस्ता एवढा पाठ नाय," त्यांचा चुलतभाऊ विठू म्हणायचा. "हैबतदादा तिथं घरजावई म्हणून राहिला असता तर चाललं असतं."

सरू तेव्हा दाराशी बसून वाल सोलत असायची. तिला हसू यायचं नाही आणि रागही यायचा नाही. तिनं एक वाक्य धरून ठेवलं होतं. प्रणिता पाच महिन्यांची होईपर्यंत तिच्या बापानं तिला पाहिलं नव्हतं, तेव्हा सरू ते म्हणाली होती. सासू गेली आणि हैबतराव दोन महिन्यांनी पोचले, तेव्हा म्हणाली होती. कुंडलिकेचं पाणी घरात शिरलं आणि वालाची पोती तिनं एकटीनं माळ्यावर चढवली, त्याही वर्षी म्हणाली होती. "असूं दे. आमच्यातल्या एकानं तरी जग बघितलं."

त्या वाक्यावर ते घर उभं होतं. स्लॅबवर नव्हे.

आता पुढचं प्रणिताला पुष्कळ उशिरा कळलं, पण इथंच सांगून टाकलेलं बरं. हैबतराव त्या शहरांपैकी एकाही शहरात कधी गेले नव्हते.

जहाज बंदराला लागलं की प्रवासी उतरतात, काम करणाऱ्यांपैकीही बरेच दोन-तीन तासांसाठी उतरतात. पण सगळ्यांना उतरता येत नाही. आग लागली, काही झालं, तर जहाजावर ठरावीक माणसं असावी लागतात. त्यासाठी पाळ्या असतात. हैबतराव अशा पाळीला राखण म्हणायचे, जशी शेताची राखण. ज्याला उतरायचं असेल तो आपली पाळी दुसऱ्याला देतो, बदल्यात थोडे पैसे देतो. पहिली पाच वर्षं हैबतरावांनी सगळ्यांची राखण केली, घरावर स्लॅब पडावा म्हणून. स्लॅब पडला. त्यानंतर ते उतरू शकले असते. पण तोवर त्यांनी ओटीवर इतकं सांगून ठेवलं होतं, की उतरल्यावर शहर वेगळंच निघालं तर काय, असं त्यांना वाटायचं. आणि पुढं पुढं तर काहीच वाटेनासं झालं. कोणी विचारायचंही नाही. बंदर आलं की हैबत राखणीला, हे जहाजावर ठरूनच गेलं होतं.

शहरं त्यांना प्रवाशांच्या खोल्यांत भेटायची. लोक उतरले की ते खोल्या आवरायचे, लोक परतले की टॉवेलाची हत्ती-बदकं पाहून खूश व्हायचे आणि जाताना कचऱ्यात शहराचा नकाशा टाकायचे. कोणी पेनानं वाट काढलेली, कोणी एखाद्या कारंज्याभोवती गोल केलेला. हैबतराव ते नकाशे उचलायचे, हातानं सरळ करायचे. घरी पत्र्याची ट्रंक भरली होती. त्यांचा मजला पाण्याच्या लगतचा, खोल्यांना खिडक्या नाहीत. जहाज लागायचं तेव्हा ते खाली असायचे, सुटायचं तेव्हाही खालीच.

प्रणिता पेणला बसस्टँडजवळच्या एका टूरच्या ऑफिसात काम करते. सकाळच्या गाडीनं रोह्याहून पेण, संध्याकाळी परत. भिंतीवर पांढऱ्या जहाजाचं पोस्टर आहे, त्याच्याखाली तिची खुर्ची. गिऱ्हाईक आलं, समुद्रावरच्या सहलीचं विचारू लागलं, की ती वडिलांचीच वाक्यं सांगायची. "माझे वडील तेवीस वर्षं तिकडे होते," म्हणायची. त्यानं गिऱ्हाइकाचा विश्वास बसायचा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मालकांनी तिला सवलतीत दोन जागा देऊ केल्या. इटलीतून निघायचं, जहाजावर चार रात्री, व्हॅलेटा आणि कोटोर करून दुब्रोवनिकला उतरायचं. तिथून पुढं आपलं आपण, चार दिवस. बसनं, पायी, जमेल तसं. प्रणितानं घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला होता.

"कशाला?" हैबतराव म्हणाले.

"तुम्ही मला दाखवायचं सगळं."

"कशाला पण?"

"आईला घेऊन जावा बाबा, नाहीतर. तुम्ही दोघं जा."

"मी नाय येत गो," सरू म्हणाली. "वाल उन्हात घालायचेत. मे सरायच्या आत रोपासाठी राब भाजायचा हाय. सगळी गेलो तर घर कोण राखंल? तू जा. त्यांचंच तर हाय तिकडचं सगळं, त्यांच्यासंगं बघशील तर समजंल तरी."

हैबतराव आणखी एकदा "कशाला" म्हणाले. मग ट्रंकेपाशी जाऊन बसले. प्रणिताला वाटलं, खर्चाचं मनात आलं असेल.

जहाजावर चढल्या दिवसापासून हैबतराव अवघडलेले होते. मऊ गालिच्यावरून ते भिंतीच्या कडेकडेनं चालायचे. जेवायला बसले तरी वाढणाऱ्याला वाट द्यायला खुर्ची पुढे ओढायचे. सकाळी प्रणिता उठायच्या आत त्यांनी दोन्ही पलंग आवरलेले असत, चादरीला एक सुरकुती नाही, न्हाणीघर पुसलेलं. खोली आवरायला इंडोनेशियाची चाळिशीची बाई यायची. पहिल्या दिवशी ती दारातच थबकली. दुसऱ्या दिवशी हसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, माझं काम मला करू द्या. वरचे लोक विचारतात, ही खोली इतकी चांगली कशी."

हैबतराव तिला हळूच म्हणाले, "किती खोल्या?"

"सोळा."

"मला अठरा होत्या."

एवढंच. पण त्यानंतर तिनं त्यांच्यासाठी पलंगावर कधी प्राणी केला नाही. एक कोरा टॉवेल ठेवून जायची.

व्हॅलेटाला प्रणिता तयार होऊन उभी राहिली तर हैबतराव खुर्चीतच बसलेले. "तू जाऊन ये. गुडघा धरलाय. माझं बघितलेलं हाय." आणि मग त्यांनी वाट सांगितली. बाहेर पडलीस की उजव्या हाताला उंच लिफ्ट. वर बाग. बागेच्या कठड्याखाली तोफा. बारा वाजता तोफ उडते, तेव्हा कठड्याला जागा धरायची, गर्दी होते.

सगळं अगदी तसंच होतं. लिफ्ट, बाग, तोफा. बारा वाजता धूर झाला आणि आवाज बंदरावरून फिरून परत आला. खाली त्यांचं पांढरं जहाज उभं होतं. प्रणिताला वाटलं, आपण पोस्टरात नाही, बाबांच्या ओटीवरच्या गोष्टीत उभे आहोत. ती परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "उडाली?"

"उडाली."

"खालच्या मजल्यावर कप हलतात, तोफ उडली की," ते म्हणाले. ती बुटाची नाडी सोडत होती. हे वाक्य तिला पुढं आठवलं, तेव्हा नाही.

कोटोरलाही तसंच. गुडघा, माझं बघितलंय, तू जाऊन ये. डोंगरावर चढणारा तट आहे, गावात मांजरं फार आहेत. तट होता. मांजरं होती.

दुब्रोवनिकला मात्र उतरावंच लागलं. जहाज तिथं सोडायचं होतं. चाकांच्या दोन बॅगा घेऊन बापलेक धक्क्यावर आले. ऊन स्वच्छ होतं. बाहेर बस उभ्या होत्या, टॅक्सीवाले हाका मारत होते.

"टॅक्सी नको," हैबतराव म्हणाले. "तीनशे पावलं तर हायेत."

ते पुढं झाले. गोदीच्या भिंतीला वळसा घातला आणि सरळ चालू लागले. प्रणिता मागून चालताना मनातल्या मनात मोजत होती, गंमत म्हणून. दोनशे ऐंशी, दोनशे नव्वद. तीनशेला बसचा डेपो आला. हैबतराव थांबले नाहीत. चारशेला एक सुपरमार्केट, बाहेर ट्रॉल्यांची रांग. पाचशेला पेट्रोलपंप. बॅगांची चाकं फरशीवर एकसारखी वाजत होती. तट कुठं दिसत नव्हता. दिसत होत्या त्या चार मजली इमारती, बाल्कन्यांत एसीचे डबे, पेणसारख्याच.

"बाबा, कोणाला विचारू या का?"

"नाय."

आठशेच्या पुढं तिनं मोजणं सोडलं. रस्ता चढाचा झाला. त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. एका बसथांब्यापाशी ते थांबले, बॅग आडवी केली आणि तिच्यावर बसले. सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेला नकाशा काढला. कोणा प्रवाशानं कारंज्याभोवती निळा गोल केलेला. तटाला लागून पाण्यात एक छोटं जहाज छापलेलं होतं. हैबतरावांनी त्याच्यावर बोट ठेवलं.

"हे इथं लागतं," ते म्हणाले.

प्रणितानं वाकून पाहिलं. "बाबा, हे जुन्या बंदराचं चित्र आहे. शिडाच्या होडीचं. मोठी जहाजं इकडे लागतात. शहर इथून तीन किलोमीटर असेल."

हैबतराव नकाशाकडे बघत राहिले. एक बस आली, दारं उघडली, कोणी चढलं नाही, बस गेली.

"मी उतरलो नाय कधी," ते म्हणाले.

"दुब्रोवनिकला?"

"कुठंच. फोनच्या बूथपर्यंत यायचो. तो गोदीच्या आत असतो. मला वाटायचं, त्या भिंतीमागं असंल."

मग त्यांनी राखणीचं सांगितलं. चार-सहा वाक्यांत सांगून झालं, तेवीस वर्षांचं. आवाज ओटीवरच्या गोष्टीसारखा नव्हता. हजेरी द्यावी तसा होता.

प्रणिताला वाटलं, आता आपल्याला राग येईल. ती वाट पाहत उभी राहिली. राग आला नाही. दुसरंही काही आलं नाही. समोरच्या खांबावर बसच्या वेळा लिहिलेल्या होत्या, त्या तिनं वाचल्या. दर दहा मिनिटांनी बस होती. पुढची आली तेव्हा तिनं दोन्ही बॅगा चढवल्या.

जुन्या शहराच्या दरवाजातून आत शिरल्यावर उजव्या हाताला कारंजं होतं. हैबतरावांनी भोवती फिरून तोंडं मोजली. "सोळा हायेत," ते म्हणाले. पाणी प्यायले नाहीत. समोर सरळ रस्ता, दगड लोण्यासारखा चमकत होता आणि त्यावर माणसंच माणसं. प्रणिता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यावर काही उमटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ते खाली वाकले, तळव्यानं दगड पुसला आणि तळवा पाहिला.

"चांगलं धुतात," म्हणाले.

मग ते सावलीच्या एका पायरीवर जाऊन बसले. तिनं फोटो काढला तेव्हा आधारकार्डाला बसावं तसे ताठ झाले. फोटो आईला पाठवला. थोड्या वेळानं फोनवर सरूनं बोलून पाठवलेला निरोप आला. मागं कोंबड्या ओरडत होत्या. "काय वो, आलात काय तुमच्या गावाला? वळखलं काय लोकांनी?" आणि पुढं रंभाकाकीचं हसणं.

हैबतरावांनी तो निरोप दोनदा ऐकला. फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी स्प्लिटच्या बसमध्ये, डाव्या हाताला समुद्र चालला असताना, ते म्हणाले, "आईला..."

"नाही सांगत," प्रणिता म्हणाली.

तिला सबंध रस्ता आईचंच वाक्य ऐकू येत राहिलं. आमच्यातल्या एकानं तरी. वालाची पोती माळ्यावर चढवणारी आई, आणि दिसणाऱ्या कशानंच न हलणारे, शेजारी बसलेले बाबा. हे वाक्य काढून घेतलं तर आईकडे काय उरेल, ते तिला सुचत नव्हतं.

स्प्लिटला एका बादशहाचा जुना राजवाडा आहे, आणि त्या राजवाड्यात लोक राहतात. सतराशे वर्षांच्या भिंतींना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. पुस्तकातून वाट शोधत प्रणिता पुढं गेली आणि वळून पाहते तर मागं बाबा नाहीत. ती परत आली. एका चौकात एक म्हातारी दोरीवरून मोठी चादर काढत होती आणि एकटीला ती आवरत नव्हती, टोक जमिनीला लागत होतं. हैबतरावांनी बॅग भिंतीला टेकवली आणि जाऊन दुसरी टोकं धरली. म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनी चादर ताणली, एकदा झटकली, टोकाला टोक लावलं. ते पुढं झाले, तिच्या हातातली टोकं घेतली, ती खाली वाकून घडी उचलून मागं गेली. पुन्हा ताणली. अशा सहा चादरी होत्या. सहावी झाल्यावर म्हातारीनं गठ्ठ्यावर हात फिरवला आणि मान हलवली. हैबतरावांनीही मान हलवली आणि बॅग उचलली.

"तुमच्यासारखीच घडी घालते," प्रणिता काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"नाय. ती उन्हात वाळवून घालते," ते म्हणाले. "आमच्या मशीनवरनं यायच्या."

घरी पोचले त्या संध्याकाळी ओटी भरली. सरूनं पोहे केले होते. विठू सगळ्यात पुढं बसला होता.

"बोल गो प्रणिता," तो म्हणाला, "आम्ही इतकी वर्सं ऐकतोय. आता साक्षीदार आला. तो रस्ता हाय का जागेवर, का दादानं घरी आणून ठेवलाय?"

लोक हसले. सरू हसली नाही. ती दाराशी बसली होती, ताटलीत वाल, आणि लेकीकडे बघत होती. "सांगतात तसंच हाय काय गो?"

हैबतराव खांबाला टेकून बसले होते. ते कोणाकडेच बघत नव्हते.

"तसंच आहे," प्रणिता म्हणाली. "जहाजावरून उतरलं की तीनशे पावलं. मी मोजली. मग दगडी दरवाजा, उजव्या हाताला कारंजं."

"सोळा तोंडांचं?" रंभाकाकीनं विचारलं.

"सोळा."

सरूनं मान हलवली आणि पुढचा वाल सोलायला घेतला. हैबतराव तेवढ्यात उठले. माठातलं पाणी प्यायला म्हणून आत गेले, ते ओटीवर परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिता पेणला जायला निघत होती. आतल्या खोलीत केस विंचरत असताना तिला पडवीतला आवाज ऐकू आला. आई भिजवलेले वाल सोलत बसली होती. बाबा तिच्या समोर बसले आणि त्यांनीही एक मूठ घेतली. हे त्यांनी कधी केलं नव्हतं.

"पोरगी खोटं बोलली काल," ते म्हणाले.

"काय खोटं?"

"तीनशे पावलं नायेत. तीन किलोमीटर हाय. मला म्हाईत नव्हतं. मी उतरलो नाय कधी."

सरूचा हात चालूच होता. "मंग काय करत होतात?"

"राखण."

"कसली?"

"जहाजाची. बाकीचे उतरायचे, मी थांबायचो."

प्रणिताच्या हातातला कंगवा तसाच राहिला. तिनं ते वाक्य आईजवळ राहावं म्हणून अख्ख्या गावासमोर खोटं सांगितलं होतं, आणि बाबांनी ते बारा तासही टिकू दिलं नव्हतं. स्वतःच्या तोंडचं त्यांना तेवीस वर्षं चाललं. तिच्या तोंडचं नाही चाललं.

पडवीत सालं पडत होती. वालाचं साल ओलं असलं की त्याचा आवाज होत नाही, तरी प्रणिताला तो ऐकू येत होता.

"सगळी वर्सं?" सरूनं विचारलं.

"सगळी."

"सासूबाई गेल्या तवाबी?"

"तवा समुद्रातच होतो. ते खरं हाय."

आणखी काही वाल. मग सरू म्हणाली, "म्हंजे आपण दोघंबी राखणीलाच होतो म्हणा."

हैबतरावांनी पुढचा वाल घेतला. तिनं त्यांच्या पुढ्यातले वाल पाहिले. "डाळिंबी मोडताय. नख लावू नका, बोटानं दाबा."

त्यानंतर सरू ते वाक्य कधी म्हणाली नाही. भांडण झालं नाही. दोन दिवस ती जरा कमी बोलली, पण त्या दिवसांत राब भाजायचा होता, सगळ्यांचंच बोलणं कमी होतं. नकाशांची ट्रंक पावसाआधी रिकामी झाली. कागद चांगला जाड होता. सरूनं तो फडताळांत डब्यांखाली अंथरला. अजूनही मिठाची बरणी उचलली की खाली व्हॅलेटा दिसतं.

ओटीवरच्या गोष्टी थांबल्या. विठूनं काही दिवस वाट पाहिली आणि मग विचारलं, "हैबतदादा, रोहा-दुब्रोवनिक गाडी बंद झाली काय?"

"डबे गंजले," हैबतराव म्हणाले.

आणि बदक बंद झालं. नेमकं कधी, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. एका सकाळी सरू खोलीत गेली तर खाट कोरडी होती. पंचा अंगणात दोरीवर होता, चारी टोकं सरळ, मधे एकही चुणी नाही. ती तिथंच उभी राहिली. "मला आता सकाळचं काम उरलं नाय," ती रंभाकाकीला म्हणाली. पुढं पावसाळाभर ते पडवीत आणि उघडीप झाली की अंगणात, रोज स्वतः पंचा वाळत घालायचे. वारा आला की तो उडून पडायचा. ते पुन्हा धुवायचे, पुन्हा घालायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी असते. पोलीस मानवंदना देतात, सगळा रोहा रस्त्यावर येतो, आसपासची गावं रिकामी होतात. हैबतराव जहाजावरून आल्यापासून एकाही वर्षी गेले नव्हते. त्या सकाळीही गेले नाहीत. सरू आणि प्रणिता गेल्या. पालखी पाहिली, बाजारात फिरल्या, अष्टमीच्या पुलावरून चालत रिक्षापर्यंत आल्या. दुपारी दोनला घरी पोचल्या तेव्हा हैबतराव खाटेवर कुशीला होते, हात उशाखाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, दहा-अकराच्या सुमाराला. अठ्ठावन्न वर्षांचे होते.

भेटायला येणारे प्रणिताला विचारायचे, शेवटचं काय बोलले? त्यांना काहीतरी मोठं हवं असायचं, इतकं जग पाहिलेला माणूस. ती आठवत नाही म्हणायची. तिला रडू आलं नव्हतं आणि अजून आलेलं नाही. पेणची गाडी, पोस्टरखालची खुर्ची, संध्याकाळी परत, सगळं चाललं आहे. तीनशे पावलांचं मात्र ती गिऱ्हाइकांना आता सांगत नाही. बंदरातून शहरात जायला बस आहे, दर दहा मिनिटांनी, असं सांगते.

आठवत तर तिला सगळं आहे. ती आणि आई चपला घालत होत्या. रिक्षा फाट्यावर थांबली होती. विठूकाका लांबून हाका मारत होता, चला, पालखी तुमच्यासाठी थांबणार नाय. बाबा पायरीवर उभे होते, हातात मातीनं भरलेला पंचा, नुकताच खालून उचललेला. तो झटकत झटकतच ते म्हणाले, "जावा तुम्ही, मी हाय घरात. येताना कपड्यांचे चिमटे आणा गो अर्धा डझन. हा सारखा पडतो नि कोंबड्या हगतात त्याच्यावर."